अमेरिकेतून सीबीडी तेल आणून इंदुरात घाऊक विकता येईल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. इंदूरच्या दवा बाजारात तुमची आयुर्वेदिक औषधं आणि न्यूट्रास्युटिकलची घाऊक फर्म आहे. अमेरिकेतल्या एका पुरवठादाराने हेम्पपासून (भांग-गांजाच्याच झाडाचा कमी नशेचा प्रकार) काढलेलं सीबीडी (त्या झाडातलं नशा न आणणारं द्रव्य) तेल आणि गमीज, म्हणजे चघळायच्या गोळ्या, अगदी पडत्या दरात देऊ केल्या आहेत. टीएचसी, म्हणजे याच झाडातलं नशा आणणारं द्रव्य, 0.3 टक्क्यांच्या आत असल्याचं प्रयोगशाळेचं सर्टिफिकेट त्याने पाठवलंय आणि तो ॲडव्हान्स मागतोय. तुमच्याकडे आयईसी (आयात-निर्यातीचा कोड) आहे, एफएसएसएआयचा (केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना आहे, बडोद्याचे मेहुणे गुजरातचं वितरण सांभाळायला तयार आहेत. हा माल आणता येईल का? आणि उलट दिशेने, इथलं विजया (म्हणजे भांगेच्या पानांचं) तेल इंग्लंड-युरोपला पाठवता येईल का?

मी ग्वाल्हेरला असते. औषध कंपन्यांसाठी अमली आणि मनोप्रभावी द्रव्यांच्या आयात-निर्यातीचे कागद तयार करणं हेच माझं काम. देशाच्या नार्कोटिक्स कमिश्नरचं कार्यालय, म्हणजे सेंट्रल ब्युरो ऑफ नार्कोटिक्सचं मुख्यालय, 1960 पासून आमच्या गावात आहे. कोडीन असो, मॉर्फीन असो, ज्याला अशी द्रव्यं कायदेशीरपणे देशाच्या सीमेपलीकडे न्यायची किंवा आणायची आहेत त्याचा कागद ग्वाल्हेरहूनच निघतो. त्यामुळे सीबीडीचा हा प्रश्न गेली काही वर्षं माझ्याकडे सतत येतो आहे.

उत्तर आधी सांगते, कारण ॲडव्हान्सचा निर्णय तुम्हाला लगेच घ्यायचा असेल. ते तेल आणि त्या गमीज आणू नका, पैसे पाठवू नका. विजया तेलाची निर्यात आज तरी तुमच्या आकाराच्या फर्मला परवडणारी नाही. हेम्पच्या बियांचा माल मात्र करता येतो, आणि त्यात चांगला धंदा आहे. आता कारणं.

तुमच्या प्रश्नात 0.3 टक्के हा आकडा वारंवार येतो आणि सगळा भरवसा तुम्ही त्यावर ठेवला आहे. हा आकडा अमेरिकेचा आहे. तिथल्या 2018 च्या फार्म बिलाने हेम्पची व्याख्या टक्क्यावर बांधली: वाळलेल्या वजनात डेल्टा-9 टीएचसी 0.3 टक्क्यांपर्यंत असेल तर झाड, फूल, अर्क सगळं हेम्प, आणि त्यावर गेलं की मारिजुआना. आपला 1985 चा एनडीपीएस, म्हणजे अमली आणि मनोप्रभावी द्रव्यांचा कायदा, टक्का विचारतच नाही. माल झाडाच्या कोणत्या भागातून आला, हे तो विचारतो.

कायद्याच्या कलम 2 मध्ये कॅनाबिसची व्याख्या तीन भागांत दिली आहे. एक चरस, म्हणजे झाडापासून वेगळी काढलेली राळ, कच्ची असो वा शुद्ध केलेली, कोणत्याही रूपात. हशीश ऑइल यातच येतं. दुसरा गांजा, म्हणजे झाडाचे फुलणारे किंवा फळणारे शेंडे. शेंड्यांशिवाय असलेली पानं आणि बिया यातून वगळल्या आहेत. तिसरं, या दोन्हींचं कोणतंही मिश्रण किंवा त्यापासून केलेलं पेय. टीएचसी किती, सीबीडी किती, याचा उल्लेख या व्याख्येत कुठेच नाही.

याच कलमात थोडं पुढे 'मेडिसिनल कॅनाबिस'ची व्याख्या आहे: कॅनाबिसचा कोणताही अर्क किंवा टिंक्चर. आणि मेडिसिनल कॅनाबिस हे 'मॅन्युफॅक्चर्ड ड्रग' या वर्गात मोडतं, म्हणजे अफूपासून काढलेल्या द्रव्यांच्या रांगेत. अमेरिकेतला जवळजवळ सगळा सीबीडी फुलांपासून काढतात, कारण सीबीडी फुलांतच दाट असतो. म्हणजे तुमच्या पुरवठादाराचं तेल आपल्या कायद्याच्या नजरेत फुलणाऱ्या शेंड्यांचा अर्क आहे. त्यात टीएचसी 0.3 टक्के आहे की 0.03, याने ते व्याख्येबाहेर जात नाही. सर्टिफिकेट खरं असेल, लॅब उत्तम असेल, तरी ते ज्या प्रश्नाचं उत्तर देतं तो प्रश्न आपला कस्टम्सचा अधिकारी विचारणारच नाही. उलट सर्टिफिकेटवर वरच्या कोपऱ्यात 'हेम्प फ्लॉवर एक्स्ट्रॅक्ट' असं छापलेलं असतं, तेव्हा तेच कागद तुमच्याविरुद्धचा पुरावा होतात.

हा फरक एकदा पक्का बसला की बाकीच्या गोष्टी आपोआप उलगडतात. म्हणून इथे जरा थांबते आणि ज्यावर खरोखर वाद आहे तेही सांगते.

पहिला वाद शुद्ध सीबीडीचा, ज्याला व्यापारात आयसोलेट म्हणतात. 99 टक्के शुद्ध पांढरी पूड. सीबीडी हे नाव एनडीपीएसच्या परिशिष्टात नाही, टीएचसीचं आहे. त्यामुळे काही वकील म्हणतात की आयसोलेट हा अर्क उरत नाही, ते एक रसायन आहे. युक्तिवाद मला अगदीच पोकळ वाटत नाही. पण तो मान्य झाला तरी तुमची सुटका होत नाही. रसायन म्हणून आणलेलं आणि माणसाला पोटात घ्यायला दिलेलं द्रव्य मग औषध ठरतं, आणि त्यासाठी केंद्रीय औषध नियंत्रकांकडे 2019 च्या न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स नियमांखाली जावं लागतं. तो खर्च आणि तो वेळ औषध कंपनी पेलते, घाऊक फर्म नाही.

दुसरा वाद पानांचा. आपल्याकडे विजया या नावाने जी तेलं आणि गोळ्या विकल्या जातात त्यांचा सगळा आधार पान वगळलं आहे यावर उभा आहे. भांग एनडीपीएसमध्ये बसत नाही असं उच्च न्यायालयांनी म्हटलं आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचा 2022 चा आदेश बरेच जण दाखवतात. तो आदेश मीही वाचला आहे. तो जामिनाच्या अर्जावरचा आहे. म्हणजे तो माणूस आधी अटकेत गेला आणि मग त्याला हे ऐकायला मिळालं. व्यापार करताना हे विसरून चालत नाही. शिवाय पान केंद्राच्या कायद्यातून सुटलं तरी राज्याच्या अबकारी कायद्यात सापडतं. मध्य प्रदेशात भांगेचा ठेका अबकारी खात्याच्या परवान्यावर चालतो. पूर्वी सेंट्रल प्रॉव्हिन्सेसमधली गांज्याची परवानाधारक शेती आपल्या खांडव्याच्या बाजूला होती आणि सरकारचा महसूल तिच्यावर बसत होता. तेव्हापासून हे झाड राज्याच्या तिजोरीशी बांधलेलं आहे. गुजरातेत दारूबंदीचा 1949 चा कायदा भांगेलाही लागू होता; 2017 च्या दुरुस्तीने तिला त्यातून सूट दिली. म्हणून मेहुण्यांना आत्ताच सांगा, इंदूरला जे चालतं ते बडोद्याला चालेलच असं नाही. माल वडोदरा जिल्ह्यात उतरवण्याआधी तिथे कोणता परवाना लागतो ते विचारून घ्यावं लागेल, आणि 'आयुर्वेदिक आहे' एवढं सांगून भागणार नाही.

आता तुमचा एफएसएसएआयचा परवाना. तुम्ही विचारलंय, खाद्यपदार्थ म्हणून आणता येईल का? एफएसएसएआयने नोव्हेंबर 2021 मध्ये हेम्पच्या बिया, बियांचं तेल आणि बियांचं पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली. फक्त बियांना. त्यात मर्यादाही घातल्या: बियांमध्ये टीएचसी किलोला 5 मिलिग्रॅमपर्यंत, बियांच्या तेलात 10 मिलिग्रॅमपर्यंत, पेयात 0.2 मिलिग्रॅमपर्यंत, आणि सीबीडी किलोला 75 मिलिग्रॅमपर्यंत. हे आकडे तुमच्या मालाशी लावून बघा. पुरवठादाराची 30 मिलिलिटरची बाटली, लेबलवर 1000 मिलिग्रॅम सीबीडी. बाटलीतल्या तेलाचं वजन साधारण 28 ग्रॅम. म्हणजे किलोला जवळजवळ 35,000 मिलिग्रॅम, मर्यादेच्या साडेचारशे पटींहून जास्त. आपल्या मर्यादेत बसवायचं तर त्या बाटलीत जेमतेम 2 मिलिग्रॅम सीबीडी चालेल. टीएचसीचंही तेच: 0.3 टक्के म्हणजे किलोला 3000 मिलिग्रॅम, बियांच्या तेलाच्या मर्यादेच्या तीनशे पट. तेव्हा अन्नाचा दरवाजा या मालाला अजिबात उघडा नाही.

पुरवठादार तुम्हाला म्हणाला असेल की आम्ही एचएस कोड (कस्टम्ससाठी मालाच्या वर्गाचा आकडा) 1515 टाकून पाठवू, काही अडत नाही. 1515 हे वनस्पतींच्या स्थिर तेलांचं शीर्षक आहे. बियांचं घाण्यावर काढलेलं तेल त्यात येतं. वनस्पतींचे अर्क 1302 मध्ये जातात, शुद्ध सीबीडी रसायन म्हणून 2907 कडे झुकतं, गमीज 2106 मध्ये. अर्काचा माल 1515 मध्ये दाखवणं ही चुकीची घोषणा. कस्टम्स ॲक्टच्या कलम 111 खाली माल जप्त होतो, आणि जाणूनबुजून खोटी घोषणा केली तर कलम 114 एए खाली मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड बसतो. बिल ऑफ एंट्रीवर, म्हणजे आयातीच्या घोषणापत्रावर, सही तुमची किंवा तुमच्या वतीने तुमच्या सीएचएची (कस्टम्स एजंटची) असते, अमेरिकेतल्या माणसाची नसते. कोडाबद्दल शंका असेल तर मुंबई किंवा दिल्लीच्या ॲडव्हान्स रूलिंग प्राधिकरणाकडून आधीच निर्णय घेता येतो. पण तो निर्णय वर्गीकरणाचा असतो. एनडीपीएसमधून माल सुटला असं तो सांगत नाही. हे दोन्ही एकच समजणारे लोक मी पाहिले आहेत.

आणि हे फक्त दंडावर थांबत नाही, म्हणून पुढचं नीट वाचा. चरसासाठी 'व्यावसायिक प्रमाण', म्हणजे ज्यावर सगळ्यात कडक शिक्षा लागते ते वजन, 1 किलो ठरवलेलं आहे, गांज्यासाठी 20 किलो. सर्वोच्च न्यायालयाने हिरासिंग प्रकरणात 2020 मध्ये स्पष्ट केलं की वजन धरताना शुद्ध अमली द्रव्याचं नाही, सगळ्या मिश्रणाचं धरायचं. तेल ज्यात कालवलं ते खोबऱ्याचं किंवा बियांचं तेलही त्यात मोजलं जाईल. अधिकाऱ्याने तुमचा माल हशीश ऑइल म्हणून नोंदवला तर 28 ग्रॅमच्या छत्तीस बाटल्यांतच 1 किलो होतो. तुम्हाला तर हजार बाटल्यांची ऑर्डर द्यायची आहे. व्यावसायिक प्रमाणाला किमान शिक्षा 10 वर्षं सक्तमजुरी, कमाल 20, आणि 1 ते 2 लाख दंड. कलम 37 मुळे जामीन फार कठीण. कलम 35 प्रमाणे न्यायालय आरोपीची गुन्हेगारी मानसिकता गृहीत धरूनच चालतं. आपल्याला ठाऊक नव्हतं हे आरोपीने निःसंशय सिद्ध करायचं. पुढे कदाचित तुम्ही सुटालही. पण तोवर दुकान, बँकेतलं खातं, घरातली माणसं, सगळ्यांनी ते भोगलेलं असेल. मी हे घाबरवायला लिहीत नाही. या कायद्याखाली व्यापारी माणसाचं काय होतं ते जवळून बघितलं आहे म्हणून लिहिते.

इथपर्यंतचा हिशेब असा: अर्क फुलांचा असेल तर एनडीपीएस, पानांचा असेल तर राज्याचं अबकारी खातं आणि आयुष, शुद्ध रसायन असेल तर औषध नियंत्रक, आणि बियांचा माल असेल तर एफएसएसएआय. पुरवठादाराशी बोलताना पहिला प्रश्न हाच विचारायचा की माल कोणत्या भागापासून काढला आहे. टक्का नंतर.

दर इतका कमी का, हेही तुम्ही विचारलंय आणि ते विचारलंत हे बरं झालं. 12 नोव्हेंबर 2025 ला अमेरिकेत जो अर्थसंकल्पी कायदा सही झाला त्यात हेम्पची व्याख्याच बदलली आहे. आता फक्त डेल्टा-9 नाही, एकूण टीएचसी धरायचं. आणि ग्राहकाला विकायच्या तयार मालात एका डब्यामागे एकूण टीएचसी 0.4 मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल तर तो माल हेम्प उरत नाही. अंमल एक वर्षाने, म्हणजे नोव्हेंबर 2026 पासून. फुल-स्पेक्ट्रम (टीएचसीसह झाडातली सगळी द्रव्यं ठेवलेला अर्क) म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक बाटल्या या मापात बसणार नाहीत. माझ्या मते तुम्हाला जो दर मिळतोय तो या साठ्याचा आहे: जो माल उद्या घरी विकता येणार नाही तो आज बाहेर काढायची धडपड. आणि तिथेही अन्न म्हणून सीबीडी विकायला एफडीएने (तिथल्या अन्न-औषध नियंत्रकाने) कधी हिरवा कंदील दिलेला नाही. चालू नियमांची चौकट सीबीडीला पुरत नाही असं त्यांनी जानेवारी 2023 मध्ये जाहीरपणे सांगितलं. त्यामुळे 'अमेरिकेत पूर्ण कायदेशीर' हे पुरवठादाराचं वाक्यसुद्धा जसंच्या तसं घेऊ नका.

घाऊक व्यवहारात ज्याकडे शेवटी लक्ष जातं ती गोष्ट म्हणजे वाट. समजा तुम्ही भारतासाठी नाही, तिसऱ्या देशातल्या पार्टीसाठी माल फिरवताय, कागदोपत्रीच व्यापार करताय. तरी माल कुठून जातो ते बघावं लागतं. हाँगकाँगने 1 फेब्रुवारी 2023 पासून सीबीडी पूर्ण बंद केला. आयातीला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. सिंगापुरातही तो नियंत्रित अमली पदार्थ आहे. फ्रेट फॉरवर्डर स्वस्त पडतं म्हणून यांपैकी एका बंदरावरून ट्रान्सशिपमेंट लावतो आणि माल तिथेच अडकतो. विमाही अशा वेळी हात वर करतो, कारण सागरी विम्याच्या कायद्यात प्रवास कायदेशीर असल्याची हमी अध्याहृत असते. प्रवासच बेकायदा ठरला तर दावा उभा राहत नाही. बँकेचं वेगळं. आयातीसाठी पाठवलेल्या प्रत्येक डॉलरसमोर बँकेला आयडीपीएमएसवर (आयातीच्या पैशांवर नजर ठेवणाऱ्या प्रणालीवर) बिल ऑफ एंट्री दाखवावी लागते. माल जप्त झाला किंवा आलाच नाही तर ती नोंद उघडी राहते, आणि पुढच्या अगदी साध्या आयातीलाही बँक अडवते. एका चुकीच्या ॲडव्हान्सपायी तुमचा जिन्सेंग आणि व्हिटॅमिनचा चालू धंदा अडकेल.

आता निर्यात. तुमचा समज असा दिसतो की युरोपने दार उघडलं आहे. कनावापे प्रकरणात युरोपीय न्यायालयाने 19 नोव्हेंबर 2020 ला सीबीडी हा अमली पदार्थ नाही असं म्हटलं, हे खरं. पण तो निकाल चेक प्रजासत्ताकात कायदेशीरपणे बनलेला माल फ्रान्सने अडवू नये याबद्दलचा आहे, सदस्य देशांमधल्या मुक्त व्यापारावर उभा. ग्वाल्हेर किंवा इंदूरहून गेलेल्या मालाला तो आधार मिळत नाही. शिवाय युरोपात 2019 पासून सीबीडीचे अर्क 'नॉव्हेल फूड' धरले जातात. म्हणजे सुरक्षिततेची पूर्ण माहिती देऊन आधी मंजुरी, मग विक्री. तिथल्या अन्नसुरक्षा संस्थेने जून 2022 मध्ये यकृत, पचनसंस्था, मज्जासंस्था, प्रजनन यांवरची माहिती अपुरी आहे म्हणून सगळ्या अर्जांचं मूल्यमापन थांबवलं होतं.

इंग्लंडमध्ये आणखी एक अट आहे. 13 फेब्रुवारी 2020 ला जो माल तिथल्या बाजारात होता आणि ज्याचा अर्ज 31 मार्च 2021 च्या आत गेला, त्यांचीच एक यादी आहे, आणि मंजुरी येईपर्यंत तेवढाच माल दुकानात राहू शकतो. तुमचं नवं विजया तेल त्या यादीत येणारच नाही. त्यातून तिथली अन्नसंस्था ऑक्टोबर 2023 पासून निरोगी प्रौढाला दिवसाला 10 मिलिग्रॅमच सीबीडी सुचवते. आधी हा आकडा 70 होता. टीएचसीसाठी तिथे डब्यामागे 1 मिलिग्रॅमचं माप आहे. जपानने डिसेंबर 2024 पासून तेलात दशलक्ष भागांत 10 भाग ही मर्यादा घातली. स्वित्झर्लंडमध्ये 1 टक्का. कुठे टक्का, कुठे डब्यामागे मिलिग्रॅम, कुठे दशलक्षात भाग. एकच बॅच, एकच सर्टिफिकेट घेऊन चार देशांत विकू म्हणणाऱ्याने हे आकडे एकमेकांशेजारी मांडून बघावेत. लॅबच्या कागदावर 'एनडी' लिहिलेलं असेल तर तिची मोजण्याची खालची मर्यादा किती होती हेही बघावं, 0.1 टक्क्यापर्यंतच मोजू शकणाऱ्या लॅबचं 'आढळलं नाही' जपानसाठी निरुपयोगी आहे. आणि एकूण टीएचसी काढताना टीएचसीए या आम्लाला 0.877 ने गुणून मिळवलं आहे का ते तपासा. हे गाळून आकडा सुंदर दाखवणारी सर्टिफिकेटं बाजारात भरपूर फिरतात.

भारताच्या बाजूने निर्यातीला काय लागेल हे मालावर अवलंबून आहे. द्रव्य एनडीपीएसखाली येत असेल तर ग्वाल्हेरहून निर्यातीची परवानगी, आणि ती मिळायला घेणाऱ्या देशाचं आयात प्रमाणपत्र आधी हातात हवं. ती दोन्ही टोकं जुळल्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही. माल केवळ पानांचा आहे असं तुमचं म्हणणं असेल तर तोंडी आश्वासनावर जाऊ नका. पानं कुठून घेतली, अबकारी परवाना कोणाचा, अर्क कोणत्या पद्धतीने काढला, हे सगळं जोडून नार्कोटिक्स कमिश्नरांना लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या. उत्तराला वेळ लागतो. मी अशिलांना सांगते की ते येईपर्यंत परदेशी पार्टीशी तारखेचा करार करू नका.

मग तुम्ही काय करावं? तुमच्या जागी मी असते तर बियांचा माल घेतला असता. सोललेल्या बिया, घाण्यावर काढलेलं बियांचं तेल, प्रथिनांचं पीठ. नियम ठरलेले आहेत, मर्यादा माहीत आहेत, आणि ओमेगा-3 आणि प्रथिनांसाठी हे घेणारा ग्राहक इंदुरात, बडोद्यात, पुण्यात आहे. माल देशातही मिळतो. उत्तराखंडने 2018 मध्येच 0.3 टक्क्यांची अट घालून औद्योगिक हेम्पच्या शेतीला परवाने द्यायला सुरुवात केली. परदेशातून आणायचा झाला तर बी उगवण्याजोगं नाही याचा पुरावा, वनस्पती संगरोधाचे कागद आणि एफएसएसएआयचा आयातीचा परवाना लागेल. तुमचा विक्रीचा परवाना त्याला पुरत नाही. लेबलवर सीबीडीचे गुण लिहायचा मोह टाळा. बियांमध्ये सीबीडी जवळजवळ नसतोच, तेव्हा तो लिहिला तर एकतर लेबल खोटं किंवा माल मर्यादेबाहेर.

दुसरी वाट, देशातल्या परवानाधारक कारखान्याचं विजयायुक्त आयुर्वेदिक औषध घाऊक घेऊन वैद्यांना पुरवणं. भांग ही औषध नियमांच्या परिशिष्ट ई(1) मध्ये विषारी द्रव्यांत धरलेली आहे, बिया सोडून. म्हणून लेबलवर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावं ही सूचना इंग्रजीत आणि हिंदीत असायलाच हवी. कारखान्याचा आयुष परवाना, पानं उचलण्याची अबकारी परवानगी आणि त्याच बॅचचा तपासणी अहवाल, या तिन्हींच्या प्रती फायलीला असल्याशिवाय माल गोदामात घेऊ नका. मधुमेह, कर्करोग, अपस्मार बरा होतो अशी जाहिरात 1954 च्या कायद्याने गुन्हा आहे. व्हॉट्सॲपवर फिरवलेलं चित्रही जाहिरातच.

अपस्माराचं नाव निघालं म्हणून हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही लिहिलंय की इंदुरातली काही मुलांची आईवडील मंडळी फिट्ससाठी हे तेल मागतात, आणि म्हणूनही तुम्हाला ते आणावंसं वाटतं. तुमची भावना खरी आहे. सीबीडीचं औषध ड्राव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टॉट या बालपणीच्या अपस्मारांवर उपयोगी पडतं हे सिद्ध झालं आहे; एपिडिओलेक्सला अमेरिकेने जून 2018 मध्ये मान्यता दिली. पण ते ठरलेल्या ताकदीचं, डॉक्टरने वजनावर मात्रा मोजून दिलेलं औषध आहे. सीबीडी क्लोबाझामचा परिणाम वाढवतो, व्हॅल्प्रोएटबरोबर यकृतावर ताण आणतो, आणि ही दोन्ही औषधं अशा मुलांना बहुधा चालू असतातच. बाटलीत नेमकं किती आहे याची खात्री नसलेलं तेल दुकानदाराने या मुलांच्या हाती देऊ नये. त्या पालकांना न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवा. एका रुग्णासाठी औषध मागवायचं असेल तर औषध नियमांत स्वतःच्या वापरासाठी फॉर्म 12 ए चा अर्ज आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीनिशी करता येतो, आणि त्याच्या बरोबरीने नार्कोटिक्सच्या बाजूची परवानगी लागते का हे आधी विचारून घ्यावं. असा अर्ज भरायला मी पैसे घेत नाही, त्यांना माझ्याकडे पाठवलंत तरी चालेल.

एक शेवटचं, आणि हे आजच करा. पुरवठादार 'फुकट सॅम्पल कुरिअरने पाठवतो' म्हणाला आहे असं तुम्ही सगळ्यात खाली लिहिलंय. तुमच्या पत्रातली मला सर्वांत जास्त काळजीची गोष्ट तीच वाटते. एअरवे बिलवर माल घेणारा म्हणून तुमचं नाव आणि दुकानाचा पत्ता येईल, वर्णनात तो 'हेम्प ऑइल' लिहील, आणि पाकीट कस्टम्सच्या क्ष-किरणाखाली उघडलं तर पहिला फोन तुम्हालाच येईल. त्याला आजच ईमेल करा: सॅम्पल पाठवू नये, माझ्या नावाने कोणताही माल बुक करू नये, मी ऑर्डर दिलेली नाही. पाकीट निघालेलंच असेल तर कुरिअर कंपनीला लेखी कळवा की माल स्वीकारणार नाही, आणि दोन्ही ईमेल तारखेसह छापून फायलीत ठेवा. पाकीट दारात आलंच तर सही करू नका आणि दुकानातल्या पोऱ्यालाही सही करू नको असं बजावून ठेवा.